रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून गोळी बंद?

बेंगळुरूतल्या यशवंतपूरच्या मार्केट यार्डात महाराष्ट्रातला कांदा उतरतो, लसणाचीही मोठी उलाढाल होते. उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या चावल्या की रक्तवाहिन्या साफ होतात, हा समजही तितकाच घरोघर पोहोचलेला आहे. त्याच्या जोडीला एक आक्षेप असतो: कोलेस्टेरॉलसाठी दिली जाणारी स्टॅटिनची गोळी फक्त रिपोर्टमधला आकडा उतरवते, धमनीतला चरबीचा थर तसाच राहतो, मग ती जन्मभर कशाला घ्यायची?

लसणाचा दावा तपासून झाला आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या चाचणीत १९२ जणांना सहा महिने कच्चा लसूण, लसणाच्या गोळ्या किंवा बिनऔषधी गोळ्या दिल्या. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, कोणत्याच गटात म्हणण्यासारखे उतरले नाही.

आक्षेपात मात्र थोडे तथ्य आहे. २००६ च्या ‘अ‍ॅस्टरॉइड’ चाचणीत रुग्णांनी दोन वर्षे रोज ४० मिलिग्रॅम रोझुवास्टॅटिन घेतले. एलडीएल सरासरी ६१ पर्यंत आले, पण आतून अल्ट्रासाउंडने मोजलेला, थराने व्यापलेला धमनीचा वाटा जेमतेम एका टक्का-बिंदूने घटला. ‘गोळीने ब्लॉकेज विरघळते’ हे सांगणेही म्हणूनच चूक.

पण हृदयविकाराचा झटका केवळ थराच्या जाडीने येत नाही. थराच्या पोटात मऊ चरबी आणि दाहक पेशी असतात, वर तंतूंचे आवरण. पातळ आवरण फाटले की तिथे रक्ताची गुठळी धरते आणि पाहता पाहता धमनी बंद पडते. स्टॅटिनने आतली चरबी आटते, दाह शमतो, आवरण जाड होते. कॅल्शियम साठून थर टणक होतो. म्हणून गोळी चालू असताना कॅल्शियम स्कोअर, म्हणजे स्कॅनमध्ये मोजलेले धमनीतले कॅल्शियम, वाढला, तर तेवढ्याने औषध फसले असे होत नाही.

परिणाम जीव वाचण्यात दिसतो. १९९४ च्या ‘फोर एस’ चाचणीत ४,४४४ हृदयरुग्ण होते. सुमारे साडेपाच वर्षांत सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांतले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले.

‘हे औषध आपल्या भारतीयांना सोसत नाही’ असेही म्हणतात. बेंगळुरूच्याच सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रेम पैस आणि डॉ. डेनिस झेवियर यांच्या सहभागाने २,०५३ भारतीयांवर पॉलीकॅपची चाचणी झाली, २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सिमव्हास्टॅटिनसह पाच औषधे एकत्र असलेली ती कॅप्सूल इतर औषधांइतकीच सोसली. तरीही कुणाचे स्नायू दुखलेच, तर डॉक्टर डोस किंवा औषध बदलून देतात.

राहिला ‘नॉर्मल’ रिपोर्टचा प्रश्न. लॅबच्या कागदावर एलडीएलची मर्यादा बहुधा १०० छापलेली असते. झटका येऊन गेलेल्यांसाठी भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये ठरवलेले लक्ष्य ५५ च्या खाली आहे. शिवाय आकडा उतरतो तो गोळीमुळे. ती थांबवली की काही आठवड्यांत पुन्हा चढतो. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.