भूक सातबाऱ्यापासून सुरू होते



आज बोंडअळीवर लिहीत नाही. नवरा गेलेली, पदरात लेकरं असलेली बाई आपल्या गावात अर्धपोटी का राहते, त्यावर लिहितो. 'तिचं नशीब' म्हणणाऱ्यांनी तर वाचावंच.

वावरात राबते ती, पण सातबाऱ्यावर नाव सासऱ्याचं नाहीतर मेलेल्या नवऱ्याचं. नाव नाही म्हणून पीककर्ज नाही. पीएम किसान अन् नमोचे मिळून वर्षाचे १२ हजार नाहीत. अतिवृष्टीची भरपाई तिच्या खात्यात नाही. बियाणं उधारीवर, कृषी केंद्रवाला म्हणेल त्या भावानं. मग आषाढ-श्रावणात डबे रिकामे. लेकरं शाळेच्या खिचडीवर निघतात, तीही आठवीपर्यंतच. आई सगळ्यात शेवटी जेवते, उरलं तर.

कायदा नाही असं नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात नवऱ्याच्या मालमत्तेत बायको, लेकरं अन् त्याची आई यांचा सारखा हिस्सा आहे. तरी महिला किसान अधिकार मंचानं २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात आत्महत्याग्रस्त घरातल्या ५०५ बायांना विचारलं, तेव्हा ४० टक्के बायांच्या नावावर जमीन चढलेली नव्हती. कोणी अडवलं? भाऊबंदांनी, म्हणजे आपणच. "बाई वावर विकून माहेरी जाईल," म्हणे. दारूपायी, हौसेपायी किती बाप्यांनी वावरं फुकली ते आधी मोजा, मग बोला.

आता सरकारचं गणित पाहा. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १५०० रुपये, पण घराचं वार्षिक उत्पन्न २१ हजाराच्या आत पाहिजे. आमच्याकडं निंदणाचे २५० रुपये रोज मिळतात. म्हणजे बाई वर्षात ८४ दिवस निंदायला गेली की निराधार राहत नाही! खरं सांगितलं तर पगार बंद, म्हणून दाखल्यावर खोटं लिहावं लागतं. लाडक्या बहिणीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, रक्कम तीच १५००, अन् दोन्हीपैकी एकच मिळणार. मग कमावता नवरा असलेली अन् नवरा गेलेली, दोघी सरकारला सारख्याच. हे गणित कोणत्या शाळेतलं, साहेब?

आत्महत्येची मदत १ लाख. त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. तेही प्रकरण 'पात्र' ठरलं तर. शेत सासऱ्याचं, कर्ज सावकाराचं तोंडी, की झालं अपात्र.

रेशनकार्डही सासऱ्याच्या घरचंच. वेगळं कार्ड करून अंत्योदयमध्ये बसली तर महिन्याला ३५ किलो धान्य. नाहीतर प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो, म्हणजे आई अन् दोन लेकरांना १५ किलो. त्यात महिना काढून दाखवा.

कृषी खात्याच्या साहेबांनाही विचारतो. शेतीशाळेला तुम्ही सातबारावाल्याला बोलावता. फवारणी-वेचणीचं जिला कळतं ती बांधावरच राहते. यादी करताना शेत कोण करतं हे विचारा.

अन् मंडळी, आपण एवढं करू. गावात माणूस गेला की तेरवीला पंगती उठवण्याआधी मृत्यूचा दाखला अन् वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडं गेला का ते पाहू. वारसानं तीन महिन्यांत कळवायचं असतं. अर्जात बायकोचं नाव आहे का ते स्वतः वाचू. भासरा-दीर आडवा आला तर चार माणसं तिच्या बाजूनं उभी राहू. तिला साडीचोळी नको, तिचा हिस्सा द्या. पोटाचं ती पाहून घेईल.