'ऊन', 'ल्यावर' आणि 'की' : साउंड सर्व्हरच्या निमित्ताने थोडे व्याकरण

मराठी ज्ञानभाषा व्हावी याविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा शब्दांपाशी सुरू होते आणि शब्दांपाशीच संपते. अमुक इंग्रजी संज्ञेला प्रतिशब्द कोणता, तो संस्कृतोद्भव असावा की रूढ, कोशातला असावा की बाजारातला, यावर आपण हिरिरीने बोलतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मंजुरी दिली आणि या चर्चेला नवा हुरूप आला. तो हुरूप योग्यच आहे. परंतु त्याच्या आधारे एक वेगळा मुद्दा मांडावासा वाटतो. ज्ञानव्यवहारात मराठी अडते ती शब्दाअभावी कमी आणि वाक्याअभावी अधिक. आणि वाक्य हा तर भाषा-साहित्य विभागांचा खास प्रांत आहे.

हे पटवून देण्यासाठी मुद्दामच साहित्यापासून दूरचा विषय घेतो : संगणकातला साउंड सर्व्हर, आणि त्याच्याशी असिंक्रोनस रीतीने बोलणारा प्रोग्राम. या संज्ञांनी वाचकाने बिचकू नये. विषयाची अवघड बाजू गणिताची नाही, ती निवेदनाची आहे.

संगणकावर एकाच वेळी अनेक प्रोग्राम आवाज काढू पाहतात. एकीकडे गाणे चालू असते, दुसरीकडे कोणाचा तरी फोन येतो, मध्येच पत्र आल्याची घंटा वाजते. आवाज बाहेर पडण्याचा मार्ग मात्र एक. या सर्वांचे आवाज गोळा करून, त्यांचे मिश्रण करून, प्रत्येकाची पट्टी सांभाळून ते यंत्राकडे पोचवणारा जो मध्यस्थ, तो साउंड सर्व्हर. लिनक्सच्या जगात यांपैकी सर्वांत परिचित म्हणजे पल्सऑडिओ. लेनार्ट पॉटरिंग यांनी तो २००४ साली 'पॉलिपऑडिओ' या नावाने प्रसृत केला, २००६ मध्ये त्याचे नाव बदलले आणि २००७ साली फेडोराच्या आठव्या आवृत्तीत तो मूळचाच सर्व्हर म्हणून आला. पुढे विम टेमन्स यांच्या पाइपवायरने २०२१ साली, फेडोराच्या चौतिसाव्या आवृत्तीत, त्याची जागा घेतली. परंतु पल्सऑडिओशी बोलण्याची जी रीत होती ती पाइपवायरलाही समजते. म्हणून जुने प्रोग्राम न बदलता चालू राहिले. सर्व्हर बदलला, त्याच्याशी बोलण्याचे व्याकरण टिकले. आपल्याला रस आहे तो या व्याकरणात.

आवाजाचा वेग लक्षात घेतला पाहिजे. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत एका सेकंदाला, प्रत्येक बाजूचे, ४४,१०० नमुने असतात. प्रत्येक नमुन्याला दोन बाइट धरले तर दोन्ही बाजू मिळून सेकंदाला १,७६,४०० बाइट होतात. हा प्रवाह खंडित होऊन चालत नाही. म्हणून सर्व्हर थोडा साठा अगोदर करून ठेवतो आणि त्यातून यंत्राला पुरवठा करत राहतो. साठा आटला की आवाज तुटतो. साठा फार मोठा ठेवला तर आवाज तुटत नाही, पण प्रोग्रामने दिलेला ध्वनी ऐकू यायला उशीर होतो. साउंड सर्व्हरशी संबंधित बहुतेक अडचणी या दोन टोकांच्या मध्ये कोठे तरी असतात.

आता बोलण्याच्या दोन रीती. पल्सऑडिओची पहिली रीत 'सिंपल' या नावाची आहे आणि ती नावाप्रमाणे साधी आहे. प्रोग्राम सर्व्हरला ध्वनी देतो, साठ्यात जागा नसेल तर जागा होईपर्यंत तेथेच थांबतो, आणि मग पुढचा ध्वनी देतो. लिहिलेला क्रम आणि घडण्याचा क्रम एकच. पण या रीतीला मर्यादा आहेत. एका वेळी एकच प्रवाह, आवाजाची पट्टी बदलण्याची सोय नाही, मध्ये काही घडले तर त्याची वार्ता नाही. शिवाय थांबलेला प्रोग्राम त्या वेळात दुसरे काही करू शकत नाही.

दुसरी रीत असिंक्रोनस. येथे प्रोग्राम सर्व्हरला विनंती करतो आणि उत्तराची वाट न पाहता पुढे निघतो. जाताना एक निरोप ठेवून जातो : अमुक घडले की माझ्या या कामकऱ्याला उठवा. या कामकऱ्याला कॉलबॅक म्हणतात. जोडणी मागितली की ती लगेच मिळत नाही. ती 'जोडत आहे', 'ओळख पटवत आहे', 'नाव नोंदवत आहे' अशा अवस्थांतून जात 'सिद्ध' होते किंवा 'फसते', आणि प्रत्येक अवस्थांतराची वर्दी कॉलबॅकला मिळते. साठ्यात जागा झाली की सर्व्हर स्वतः ध्वनी मागतो. साठा आटला तर त्याचीही वर्दी येते. प्रोग्राम लिहिणाऱ्याने हे सारे कामकरी अगोदर लिहून ठेवायचे असतात. कोण केव्हा उठेल हे त्याच्या हातात नसते.

म्हणजे पानावरचा क्रम आणि काळातला क्रम यांची फारकत झाली. कथानक आणि निवेदन यांतील भेद आपण वर्गात शिकवतोच. येथे तो भेद शैलीचा प्रश्न न राहता आवाज येईल की नाही याचा प्रश्न होतो. हे साम्य फार ताणू नये. कादंबरीतला काळ वाचकाच्या मनात जुळतो, येथे तो यंत्रात जुळावा लागतो. परंतु नवशिक्याची अडचण नेमकी येथे होते, आणि ती संज्ञेने सुटत नाही. 'असिंक्रोनस' म्हणा की 'असमकालिक' म्हणा, दोन्ही शब्द त्याला सारखेच मुके आहेत. त्याला हवे असते घडामोडींचे स्वच्छ वर्णन, आणि तेथे आपली वाक्ये कमी पडतात.

कशी, ते पाहा. मराठीत एखादी कृती समजावून सांगताना आपल्या तोंडात पहिल्यांदा 'ऊन' येते. "सर्व्हरशी जोडणी करून, प्रवाह उघडून, ध्वनी लिहून प्रोग्राम बंद करावा." वाक्य निर्दोष आहे, ओघवते आहे, आणि असिंक्रोनस रीतीच्या संदर्भात ते पूर्णपणे दिशाभूल करणारे आहे. कारण 'ऊन' हे रूप सामान्यतः कर्ता एकच असल्याचे गृहीत धरते. "मी घरी जाऊन तो जेवला" असे आपण म्हणत नाही. "पाऊस पडून नदीला पूर आला" यासारखे अपवाद आहेत, पण तेथे हेतुपूर्वक काही करणारा कोणी नसतो. 'जोडणी करून' म्हणताच ऐकणाऱ्याला वाटते की प्रोग्रामने जोडणी पुरी केली आणि मगच तो पुढे गेला. प्रत्यक्षात त्याने केवळ मागणी केली. जोडणी पुरी करणारा सर्व्हर आहे, आणि ती पुरी होण्याआधीच प्रोग्राम पुढच्या ओळीवर पोचला आहे. नवशिक्याचा प्रवाह उघडत नाही तो याच ठिकाणी.

हेच वर्णन असे करता येते : "प्रोग्राम जोडणीची मागणी नोंदवतो आणि आपल्या कामाला लागतो. जोडणी सिद्ध झाल्यावर सर्व्हरची वर्दी येते. त्या वेळी प्रवाह उघडण्याची मागणी करावी. साठ्यात जागा झाली की सर्व्हर ध्वनी मागेल, तेव्हा मागेल तेवढा द्यावा." येथे एकही नवा शब्द घडवलेला नाही. बदल झाला तो 'ऊन'च्या जागी 'ल्यावर' आणि 'की' आल्याने. 'ल्यावर'ला दोन निराळे कर्ते चालतात : "आई आल्यावर आपण जेवू." आणि 'की' तर घरोघरचा कॉलबॅक आहे : "भात झाला की हाक मार." हाक मारायला सांगणारी व्यक्ती चुलीपाशी उभी राहत नाही, हेच त्या वाक्याचे मर्म. ज्या भाषेत हे वाक्य रोज बोलले जाते, तिला ही कल्पना परकी आहे असे कोण म्हणेल?

येथे व्याकरणाच्या विद्यार्थ्याला खरे काम आहे, कारण 'की'ही पुरेसा नेमका नाही. "भात झाला की हाक मार" यात हाक एकदाच अपेक्षित आहे. "दारावर कोणी आले की हाक मार" यात प्रत्येक वेळी. रूप तेच, अर्थ दोन. ऐकणारा तो प्रसंगावरून ओळखतो, पण अपरिचित विषयात प्रसंगाचा आधार नसतो. पल्सऑडिओत ध्वनी मागणारा कॉलबॅक पुनःपुन्हा येतो. 'साठ्यातले सगळे वाजून संपले' हे सांगणारा कॉलबॅक त्या मागणीपुरता एकदाच. तेव्हा पहिल्यासाठी 'जेव्हा जेव्हा' आणि दुसऱ्यासाठी 'संपल्यावर एकदा' असे लिहिणे भाग आहे. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आले. अव्ययांचे आणि कृदन्तांचे बारकावे तपासण्याची परंपरा आपल्याकडे इतकी जुनी आहे. ती परीक्षेतल्या वाक्यपृथक्करणापुरती का उरावी?

आणखी दोन स्थळे सांगतो. कॉलबॅक उठतो तेव्हा त्याला मागचे काही आठवत नसते. म्हणून निरोप ठेवतानाच त्याच्यासोबत संदर्भाची एक खूणगाठ द्यावी लागते; तीच त्याला परत मिळते. ज्या वस्तूकडे ती खूणगाठ बोट दाखवते, ती वस्तू दरम्यान नाहीशी झाली असेल, तर निरोप रिकाम्या घरी पोचतो आणि प्रोग्राम कोसळतो. दुसरे असे की कॉलबॅकच्या आत बसून दुसऱ्या कॉलबॅकची वाट पाहायची नसते. ज्याच्या हातून हाक जायची, तोच हाकेची वाट पाहत बसला तर सगळेच थांबते. या दोन्ही गोष्टी मराठीत सहज सांगता येतात, हे वाचकाच्या ध्यानात आलेच असेल.

आता प्रश्न असा की याने कोणाचे काय बिघडते? आवाज थोडा तुटला किंवा उशिरा आला, तर गाणे ऐकणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. पण दृष्टिहीन वाचकाचा विचार करा. लिनक्सवर ऑर्का हा स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर स्पीच डिस्पॅचरकडे देतो, तेथून ई-स्पीक एनजीसारखा वाचासंश्लेषक त्याचा उच्चार करतो, आणि तो ध्वनी साउंड सर्व्हरकडे जातो. ई-स्पीक एनजीला मराठीही येते. या वाचकाला साउंड सर्व्हर म्हणजे डोळ्यांची जागा घेणारी वाट आहे. पल्सऑडिओला साठ्याचे माप सांगितले नाही, तर तो सुमारे दोन सेकंदांचा साठा धरू शकतो. संगीताला ते सोयीचे. कळ दाबल्याबरोबर अक्षर ऐकू यायला हवे असणाऱ्याला ते असह्य. तसेच, बोलणे संपवण्याच्या दोन मागण्या असतात : साठ्यातले सारे वाजू द्या, किंवा साठा ओतून टाका. वाचक पुढच्या परिच्छेदावर गेला असताना प्रोग्रामने पहिली मागणी केली, तर जुना परिच्छेद त्याच्या कानावर आदळतच राहतो. आपल्या वर्गांत असे वाचक असतात. त्यांच्यासाठी मराठी वाचनसाधने सुधारायची, तर ही रीत समजलेली मराठी मुले लागतील, आणि ती केवळ इंग्रजी सहज वाचणाऱ्या घरांतूनच यावीत असा नियम नाही.

यावर दोन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला, प्रोग्राम शेवटी इंग्रजी आज्ञांतच लिहायचा, मग मराठी स्पष्टीकरण कशाला? त्याचे उत्तर असे की आज्ञा लिहिण्याआधी घडामोडींचे चित्र मनात उभे राहावे लागते, आणि ते पुष्कळांच्या मनात मातृभाषेतच उभे राहते. ते चित्र 'ऊन'च्या साच्यातले असेल तर आज्ञाही चुकतात. दुसरा आक्षेप आपल्याच गोटातला : हे मराठी विभागाचे काम नव्हे, साहित्याचा अभ्यास अशाने उपयोजनाची दासी होईल. हा आक्षेप गंभीर आहे. अभ्यासक्रमांत 'उपयोजित मराठी' आली, पण जाहिरात, वृत्तलेखन, निवेदन यांच्या नमुन्यांपाशी ती बहुधा थबकली. साचा पाठ करणे म्हणजे उपयोजन असा समज त्यातून बळावला. मी म्हणतो ते त्याच्या उलट आहे. 'की' या अव्ययाची संदिग्धता तपासणे, कर्ता कोठे बदलतो हे पाहणे, लिहिलेला क्रम आणि घडलेला क्रम वेगळे ओळखणे, हे सारे आपण कथा-कादंबरीच्या संदर्भात करतच असतो. तीच दृष्टी माहितीपर गद्याकडे वळवावी, इतकेच म्हणणे आहे. अशा गद्याला समीक्षा नाही, म्हणून त्याला प्रतिष्ठा नाही. आणि प्रतिष्ठा नाही, म्हणून ते चांगले लिहिले जात नाही.

एम.ए.च्या एखाद्या तरी प्रश्नपत्रिकेत प्रबोधनकाळातील गद्याच्या शेजारी आजच्या तांत्रिक मराठी गद्याचा एक उतारा ठेवावा. तो नेमका आहे का, कर्ता स्पष्ट आहे का, 'एकदा' आणि 'प्रत्येक वेळी' यांतला फरक त्याने राखला आहे का, एवढे विद्यार्थ्यांना विचारावे. संज्ञांचे काम कोशकार करतीलच. वाक्याचे काम आपले आहे.