आधी खाद्य, मग मासे

शोभिवंत सागरी माशांचे संवर्धन हा जोडधंदा म्हणून आता अनेकांना खुणावीत आहे. ऐरोली येथे कांदळवन प्रतिष्ठानाने अशा माशांचे बीजोत्पादन केंद्र उभारले आहे. वारज्यासारख्या समुद्रापासून दूरच्या भागातही मीठमिश्रणाने खारे पाणी तयार करता येते. खरी अडचण पुढेच आहे, ती जिऱ्याच्या पहिल्या घासाची.

क्लाऊन माशाची अंडी सुमारे ७ ते ८ दिवसांत फुटतात. जिरे असते जेमतेम ३-४ मिलिमीटरचे, आणि ते हलणारे भक्ष्यच टिपते. आर्टेमियाची अंडी डब्यात विकत मिळतात व दिवसभरात फुटतात, म्हणून पुष्कळांचा ओढा तिकडे असतो. परंतु आर्टेमियाचे पिल्लू सुमारे ०.४ ते ०.५ मिलिमीटरचे, कोवळ्या जिऱ्यास ते पेलत नाही. टरफले पोटात गेल्यास आतडेही तुंबते. रोटिफर मात्र ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा असतो. आरंभी तोच द्यावा. काही दिवसांनी ताजे फुटलेले आर्टेमिया त्यात मिसळावे. रोटिफरला हिरवे सूक्ष्म शैवाल भरपूर घालावे, कारण त्याचे पोषण तेच जिऱ्याचे पोषण होय.

एंजल माशांच्या जिऱ्यास रोटिफरही मोठा पडतो. त्यास कोपेपॉडची पिल्ले लागतात. नवशिक्याने त्या वाटेस जाऊ नये.

आमचे स्पष्ट मत असे की, ज्याच्या टाकीत महिनाभर रोटिफर टिकला, त्यानेच माशांच्या जोडीत पैसे घालावेत. अन्यथा सारी वीण दोन-चार दिवसांत उपासमारीने मरते. ग्रामसेवकांनी सल्ला देताना प्रथम हीच चौकशी करावी.