राखीगढीची साक्ष : पुरावा कशाचा आणि वाद कशाचा

१/ सप्टेंबर २०१९ च्या एकाच आठवड्यात भारतीयांच्या पूर्वजांविषयीचे दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. एक ‘सेल’मध्ये, दुसरा ‘सायन्स’मध्ये. तेव्हापासून त्या दोहोंच्या नावाने जे छापले, बोलले आणि शिकवले जाते, त्याचा निबंधांतील मजकुराशी फारच थोडा संबंध उरला आहे. #धागा #इतिहास

२/ आधी वस्तुस्थिती. राखीगढी हे हरियाणाच्या हिसार जिल्ह्यातील सिंधू संस्कृतीचे विस्तीर्ण नगर. तेथील दफनभूमीचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रा. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली केले. उष्ण हवामानात डीएनए फार काळ टिकत नाही. सांगाड्यांचे ६१ नमुने तपासले गेले. कामी आला तो अवघा एक.

३/ तो नमुना बहुधा एका स्त्रीचा, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. तिच्या वारशात दोन प्रवाह आढळले : एक दक्षिण आशियातील प्राचीन शिकारी-संग्राहकांशी नाते सांगणारा, दुसरा प्राचीन इराणी लोकांशी दूरचे नाते सांगणारा. स्टेपच्या, म्हणजे युरेशियातील गवताळ प्रदेशाच्या पशुपालकांचा अंश तिच्यात नव्हता.

४/ यातला इराणी प्रवाहही शेतीचा उदय होण्यापूर्वीच मूळ शाखेपासून वेगळा झालेला होता. म्हणजे इराणातून शेतकऱ्यांचे लोंढे आले आणि त्यांनी येथे शेती आणली, ही जुनी कल्पना डळमळीत झाली. निबंधातला खरोखर नवा निष्कर्ष हा होता. तो किती वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत दिसला?

५/ मथळे निघाले ते पत्रकार परिषदेतून. आर्यांचे आक्रमणच नव्हे, तर स्थलांतरही झाले नाही, हे आता सिद्ध झाले, असे तेथे सांगितले गेले. दुसऱ्या दिवशी देशभर तेच छापून आले. निबंध वाचण्याची तसदी घेतली असती, तर ती वाक्ये कागदावर उतरलीच नसती.

६/ कारण त्याच आठवड्यातल्या ‘सायन्स’मधील निबंधात ५२३ प्राचीन व्यक्तींच्या जनुकीय माहितीच्या आधारे म्हटले आहे की, स्टेपमधील लोकांचा वारसा इ.स.पू. २००० ते १५०० या काळात दक्षिण आशियात पोहोचला आणि आजच्या काही समूहांत त्याचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत आहे. या निबंधाच्या लेखकांतही प्रा. शिंदे आहेत.

७/ मग राखीगढीच्या स्त्रीत तो अंश का नाही? ती त्यापूर्वीच होऊन गेली म्हणून. लग्नाआधी काढलेल्या कुटुंबाच्या छायाचित्रात सून दिसत नाही. म्हणून ती त्या घरात कधी आलीच नाही, असे कोणी शहाणा म्हणत नाही. येथे मात्र नेमका हाच तर्क ‘विज्ञान’ म्हणून खपवला गेला.

८/ खुद्द ‘सेल’मधील निबंधाच्या शेवटी लेखकांनीच म्हटले आहे की, इंडो-युरोपीय भाषा भारतात येण्याचा एक स्वाभाविक मार्ग पूर्व युरोपातून मध्य आशियामार्गे, इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धातला दिसतो. ज्या निबंधाने स्थलांतर ‘खोटे ठरवले’, त्याच निबंधात हे लिहिलेले आहे.

९/ प्रकरण वर्तमानपत्रापुरते राहिले असते, तर रद्दीत गेले असते. पण २०२४ मध्ये एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात राखीगढीच्या डीएनएचा आधार घेऊन अखंड वंशपरंपरेचे प्रतिपादन दाखल झाले. पत्रकार परिषदेतील दावा असा परीक्षेतील उत्तर होऊन बसतो.

१०/ आता दुसरी बाजू. ‘सायन्स’चा निबंध हाती येताच ‘बघा, परकी ते परकीच’ असा जल्लोष करणाऱ्यांनीही तो वाचलेला नव्हता. ज्या समूहांत स्टेपचा अंश सर्वाधिक, त्यांचाही सुमारे ७० टक्के वारसा इतर प्रवाहांतून आलेला. हा हिशेब कोणालाही परकी ठरवायला पुरत नाही.

११/ घोड्यांवर स्वार होऊन नगरे जाळणारे आर्य हे चित्र तर केव्हाच मोडले. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४० च्या दशकात मोहेंजोदडोतील सांगाड्यांचा दोष इंद्राच्या माथी मारला. १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स यांनी दाखवून दिले की, त्या ‘कत्तली’ला पुरावाच नाही. डीएनएमध्येही कत्तल दिसत नाही.

१२/ उलट गुंतागुंत दिसते. स्वात खोऱ्यातील प्राचीन दफनांत स्टेपचा अंश मुख्यतः स्त्रियांकडून आलेला आहे. आजच्या भारतात तो मुख्यतः पुरुषांकडून. एकाच प्रवाहाच्या अशा दोन तऱ्हा. ‘आक्रमण’ या एका शब्दात हा इतिहास मावत नाही, आणि ‘काहीच घडले नाही’ यातही मावत नाही.

१३/ शिवाय हाड बोलत नाही, भाषा तर मुळीच बोलत नाही. स्टेपचा वारसा आणि संस्कृत यांची सांगड काळ, मार्ग आणि भाषांमधील नाते यांच्या मेळातून घातली जाते. ते सबळ अनुमान आहे. सिंधू लिपी वाचली गेलेली नसताना त्याला अनुमानच म्हटले पाहिजे.

१४/ महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) आर्यभट इराणातून आल्याचे मांडले. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये वेदकर्त्यांचे मूळ घर थेट उत्तर ध्रुव प्रदेशात नेले. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात आर्य वंशाचा सिद्धान्तच फेटाळला.

१५/ आजच्या छावण्यांना ही यादी अडचणीची आहे. आर्य बाहेरून आले असे म्हणणाऱ्यांत टिळक. ते नाकारणाऱ्यांत आंबेडकर. उत्तरावरून माणसाचा पक्ष ओळखता येईल अशी सोय त्या पिढ्यांनी ठेवली नव्हती. ती आपण करून घेतली.

१६/ आणखी एक गोष्ट. सिंधू संस्कृतीच्या शोधाची घोषणा जॉन मार्शल यांनी केली ती सप्टेंबर १९२४ मध्ये. तोवर फुले आणि टिळक दोघेही काळाच्या पडद्याआड गेलेले होते. हाती होते तेवढ्या साधनांनिशी त्यांनी विचार केला. आज साधने हाती असून जे ती उघडत नाहीत, त्यांना ही सबब नाही.

१७/ ‘आधी कोण आले?’ या प्रश्नाने एवढा कोलाहल माजवला की, हेच शास्त्र ज्या प्रश्नाचे याहून थेट उत्तर देते, तो विचारलाच गेला नाही. तो प्रश्न असा : आपण एकमेकांत मिसळणे केव्हा थांबवले?

१८/ २०१३ मधील एका अभ्यासाने भारतीय समूहांतील मिश्रणाचा काळ मोजला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या अवधीत येथे व्यापक मिश्रण झाले. त्यातून जवळजवळ कोणीच सुटले नाही. भिल्लांसारखे आदिवासीही नाही. त्यानंतर दारे बंद होत गेली. विवाह जातीच्या आत कोंडला गेला.

१९/ तरुण भीमराव आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात हेच सूत्र धरले होते : जातीचा गाभा म्हणजे जातीअंतर्गत विवाह. प्रयोगशाळेचा आधार नसताना, केवळ समाजाच्या निरीक्षणातून. जनुकशास्त्र शतकभराने त्या बंद दारांच्या खुणा मोजू लागले.

२०/ त्या खुणा जिवंत शरीरांत आहेत. २०१७ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मधील अभ्यासात दक्षिण आशियातील २६० हून अधिक समूह तपासले गेले. त्यांपैकी ८१ समूह मोजक्या पूर्वजांपासून वाढलेले आणि पिढ्यान्‌पिढ्या आपसातच विवाह करत आलेले आढळले. त्यांची कोंडी फिनलंडच्या लोकांहूनही तीव्र आहे.

२१/ या ८१ पैकी १४ समूहांची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. मोठी जात म्हणजे मोकळा रक्तप्रवाह, हा समज येथे कोसळतो. अशा समूहांत आई आणि वडील दोघांकडून एकच सदोष जनुक मुलाच्या वाट्याला येण्याची शक्यता वाढते.

२२/ आंध्रातील वैश्य समाजाचे उदाहरण वैद्यकात प्रसिद्ध आहे. तेथे एका विकराची कमतरता अधिक आढळते. एरवी ती जाणवत नाही. पण शस्त्रक्रियेपूर्वी स्नायू शिथिल करणारे एक नेहमीचे औषध दिले, तर श्वास दीर्घकाळ बंद राहू शकतो. भूलतज्ज्ञाला आधी कळले, तर जीव वाचतो.

२३/ म्हणजे एकाच शास्त्राच्या दोन निष्पत्ती. एकीवर चर्चासत्रे, मोर्चे, पाठ्यपुस्तके. दुसरीवर, जी आज जन्मणाऱ्या मुलांशी निगडित आहे, तिच्यावर शुकशुकाट. कारण पहिलीतून दुसऱ्याला परके ठरवता येते. दुसरी आपल्याच घरातील सोयरिकीकडे बोट दाखवते.

२४/ नागरिकाचा हक्क पूर्वजाच्या आगमनाच्या तारखेवर अवलंबून नसतो, आणि अन्यायाचा निवाडाही त्या तारखेवरून होत नाही. जातिभेद करणारा स्टेपमधून आला काय किंवा सिंधूकाठचा असला काय, भेद तो भेदच. समतेला डीएनएच्या दाखल्याची गरज नाही.

२५/ राखीगढीच्या त्या स्त्रीला कोणत्याही पक्षाने साक्षीला उभे करू नये. तिच्या हाडाने सांगायचे ते सांगितले : तीही मिश्र वारशाचीच होती. तिचा वारसा आज कमीअधिक प्रमाणात उपखंडातील बहुतेकांच्या अंगात आहे, आणि तरीही तिचे हे वंशज एकमेकांच्या घरी मुलगी देत नाहीत. वाद घालायचा असेल, तर तो येथून सुरू करावा. (समाप्त)