सोडियम कमी, की पाणी जास्त?

रक्तातील सोडियमचा आकडा शरीरात मीठ किती आहे हे सांगत नाही. पाण्याच्या मानाने ते किती आहे, एवढेच सांगतो. एडलमन आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये दाखवून दिले, की शरीरातील विनिमयक्षम सोडियम आणि पोटॅशियम यांच्या बेरजेला एकूण पाण्याने भागले की सीरम सोडियमचा अंदाज येतो. तरीही रिपोर्टवर १२० दिसले की सलाईन लावण्याची घाई होते. ही सवय घातक आहे.

सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ४२ लिटर पाणी असते. २८ लिटर पेशींच्या आत, १४ लिटर बाहेर. आत पोटॅशियमचे राज्य, बाहेर सोडियमचे. पाणी मात्र पेशीपटलातून मोकळेपणी ये-जा करते. बाहेरचे सोडियम उतरले की पाणी पेशींत शिरते आणि कवटीत कोंडलेल्या मेंदूला फुगायला जागा उरत नाही. मळमळ, गोंधळलेपण, झटके ही लक्षणे त्यातून येतात.

पाण्याचा ताबा हायपोथॅलॅमसकडे आहे. ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांची दाटी, एक-दोन टक्क्यांनी वाढली तरी तहान लागते, एडीएच हे संप्रेरक स्रवते आणि मूत्रपिंड पाणी राखते. सोडियमचा ताबा रेनिन-अल्डोस्टेरॉनकडे. तिथे प्रश्न रक्ताभिसरणाच्या आकारमानाचा असतो. दोन्हींत संघर्ष झाला तर शरीर आकारमान वाचवते. म्हणूनच जुलाबाने सुकलेला रुग्ण आणि हृदयविकाराने सुजलेला रुग्ण, दोघांचेही सोडियम कमी येते. दुसऱ्याच्या अंगात मीठ उलट जास्तच असते.

एडीएच अकारण स्रवत असेल तर नॉर्मल सलाईन उलटे पडते. एका लिटरमध्ये सोडियम आणि क्लोराइड मिळून ३०८ मिलिऑस्मोल असतात. लघवीची ऑस्मोलॅलिटी ६१६ वर अडकली असेल, तर हे सगळे मीठ अर्ध्या लिटरमध्ये बाहेर पडते; उरलेले अर्धा लिटर पाणी शरीरातच राहते आणि सोडियम आणखी घसरते. म्हणून बाटली लावण्यापूर्वी लघवीची ऑस्मोलॅलिटी आणि सोडियम तपासायलाच हवे. रक्तदाबासाठी थायझाइड घेणाऱ्या वृद्धांत ही तपासणी चुकवून चालत नाही. आहाराची चौकशीही तितकीच मोलाची. लघवी ५० पर्यंत पातळ होऊ शकते असे धरले, तर आहारातून आलेले ६०० मिलिऑस्मोल रोज बाहेर टाकणारा माणूस १२ लिटर पाणी काढू शकतो. चहा-बिस्किटांवर राहून २५० टाकणारी आजी फक्त पाच.

झटके किंवा बेशुद्धी असेल तर थांबणे चूक. ३ टक्के सलाईनचे १०० ते १५० मिलिलिटर लगेच द्यावे. चार ते सहा मिलिइक्विव्हॅलंटची वाढ मेंदूची सूज उतरवायला बहुधा पुरते. दीर्घकालीन घट मात्र २४ तासांत आठपेक्षा जास्त भरून काढू नये, कारण मेंदूच्या पेशी कमी सोडियमला सरावलेल्या असतात आणि वेगाने आकसल्या तर मायलिनचा नाश होतो. कुपोषित, मद्यपी आणि पोटॅशियम कमी असलेल्यांना हा धोका अधिक. दिलेले पोटॅशियमही सोडियम वाढवते, तेव्हा तेही हिशेबात धरावे लागते.

थायझाइड थांबले किंवा आकारमान भरले, की एडीएच ओसरते आणि पातळ लघवीचा लोंढा सुरू होतो. सोडियम मग आपोआप वेगाने चढते. त्या वेळी लघवीचे माप दर तासाला आणि सोडियम दर चार-सहा तासांनी पाहावे. वेग मर्यादेबाहेर जाऊ लागला तर ५ टक्के डेक्स्ट्रोज किंवा डेस्मोप्रेसिन देऊन तो आवरता येतो.