हसावे ते कोणाला?

"सैनिकांच्या बाबतीत थट्टा नको!" परवा फराळाला बसलो असता एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला बजावले. निमित्त मीच दिले होते. झां-झाक आनो या फ्रेंच दिग्दर्शकाच्या १९७६ सालच्या पहिल्यावहिल्या चित्रपटाची गोष्ट मी मोठ्या चवीने सांगत होतो.

गोष्ट १९१५ सालची. पश्चिम आफ्रिकेतल्या एका आडवळणी फ्रेंच ठाण्यावर मूठभर व्यापारी, पाद्री आणि एक सार्जंट सुखेनैव नांदत असतात. शेजारच्या जर्मन ठाण्याशीही सलोखाच. एके दिवशी कित्येक महिन्यांची शिळी वर्तमानपत्रे येतात आणि कळते की, तिकडे युरोपात आपले युद्ध जुंपले आहे! झाले, कालचा शेजारी आज वैरी. पण लढायचे कोणी? आसपासच्या खेड्यांतले काळे तरुण धरून आणले जातात, आणि गोरी मंडळी बायकांसह, खाण्यापिण्याचा सरंजाम घेऊन, लढाई पाहायला सहलीला निघतात. गोळ्या सुटताच सहल पळते. मेलेले तिथेच राहतात. पुढे या वेडाचाराला नाके मुरडणारा समाजवादी भूगोलतज्ज्ञच सेनापती होऊन बसतो.

आता सांगा, ही थट्टा सैनिकाची की त्याला पुढे ढकलून मागे फराळ करणाऱ्यांची? पाद्र्यांना वाहणारे भोई आपल्या भाषेत त्यांचीच टर उडवणारे गाणे म्हणतात. तो खरा विनोद, कारण तो ओझे वाहणाऱ्याचा आहे. चित्रपटाचे फ्रेंच नाव राज्यक्रांतीच्या समरगीतातून उचललेले. फ्रान्समध्ये मात्र तो पडला! १९७७ साली त्याला ऑस्कर मिळाले, तेही आयव्हरी कोस्ट या आफ्रिकी देशाच्या नावावर.

स्नेह्यांचे म्हणणे मला झोंबले, त्याला कारण आहे. आईचे आजोबा ११० व्या मराठा पलटणीत होते. ती पलटण मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात सापडली आणि १९१६ च्या एप्रिलात कैद झाली. आजोबा परतले नाहीत. पदक तेवढे आजोळच्या फडताळात आहे. भांडण कोणाचे, हे त्यांना कोणी विचारले होते?

शूराला नमस्कार करावाच. पण त्या नमस्काराच्या आडोशाला लपणाऱ्यांना हसू नये, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? स्नेह्यांनी आणखी एक करंजी उचलली आणि ते म्हणाले, "विषय बदला." मी बदलला नाही.