माळ्यावरून पडलेल्याचा हिशेब कोण देणार?



ज्वारी पोटरीत आली की घरातला कर्ता माणूस घराबाहेर झोपायला जातो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि बॅटरी, कमरेला गोफण. दाणे खळ्यावर येईपर्यंत त्याचा बिछाना जमिनीपासून दहा-बारा फूट उंच असतो. कुणी त्याला माळा म्हणतं, कुणी मचाण. चार मेढी, त्यांवर आडव्या बल्ल्या, वर तुराट्या-पऱ्हाट्या आणि कडब्याची गादी. मेढी मिळाल्या नाहीत तर बांधावरच्या निंबाच्या बेचक्यात बांधलेली जुनी बाज. हुरडा खायला आलेल्या शहरातल्या पाहुण्याला हा माळा फार आवडतो. तो वर चढतो, वारा खातो, फोटो काढतो आणि दिवस मावळायच्या आत मोटारीत बसून परत जातो. रात्री तिथे कोण असतो आणि का असतो, हे त्याने कधी विचारलेलं नाही.

का असतो ते आपण सांगू. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. रानडुक्कर, रोही, काळवीट यांच्यावर हात टाकायचा नाही असं ठरलं. कायद्याच्या ३९व्या कलमाप्रमाणे मेलेलं रानडुक्कर सरकारची मालमत्ता आहे. ते तुमच्या शेतात मेलं तरी तुमचं नाही. मग तेच डुक्कर जिवंत असताना रात्रीत अर्धा एकर ज्वारी लोळवून गेलं, रोह्यांच्या कळपाने कपाशीची कोवळी बोंडं खाल्ली, तेव्हा मालक कुठे असतो? तेव्हा मालक झोपलेला असतो आणि राखणदार जागा असतो. राखणदार म्हणजे तुम्ही आणि मी. मालकाच्या जनावरांना न दुखवता रात्रभर हुसकत राहायचं, ही नोकरी आपल्याला कुणी दिली, किती पगारावर दिली?

हिशेबच मांडा. साठ रात्री जागल. रात्रीची मजुरी तीनशे धरा, जास्त नको. अठरा हजार झाले. हे अठरा हजार ज्वारीच्या उत्पादनखर्चाच्या कोणत्या रकान्यात लिहिले जातात, ते कृषिखात्याच्या साहेबांना या बैठकीत समोर बसवून विचारा. डुकरांच्या पायी किती जणांनी ज्वारी सोडली आणि कडबा विकत आणायची पाळी घेतली, ते त्यांना ठाऊक आहे. जागलीचा भाव मात्र ठाऊक नाही.

पण आजचा विषय मजुरीचा नाही, त्याहून वाईट आहे. आज माळ्यावरून पडणाऱ्या माणसाबद्दल बोलायचं आहे.

रानडुकराने माणूस मारला तर राज्य सरकार वारसाला २५ लाख रुपये देतं. बरोबर आहे, द्यायलाच पाहिजेत. आता दुसरा माणूस घ्या. त्याच शेतात, त्याच रात्री, त्याच डुकराच्या चाहुलीने तो झोपेतून दचकून उठला, पाय चुकला आणि माळ्यावरून डोक्यावर पडून मेला. त्याला २५ लाख नाहीत, कारण डुकराने त्याला शिवलं नाही. त्याच्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. उंचावरून पडणं तिच्यात बसतं, सर्पदंश बसतो, विजेचा धक्का बसतो आणि रक्कम आहे २ लाख. डुकराचा सुळा लागला तर पंचवीस, डुकराच्या भीतीने पडला तर दोन. जनावर एक, शेत एक, विधवा एक. २३ लाखांचा फरक कशाचा, तर सुळ्याच्या खुणेचा!

आणि ते २ लाखही कुणाचे? सातबारावर नाव असलेल्याचे आणि त्याच्या घरातल्या आणखी एकाचे. पगारावर जागलीला ठेवलेला भूमिहीन सालगडी पडला तर त्याच्यासाठी या योजनेत एक रुपया नाही. आपल्यातल्या ज्यांनी सालगडी जागलीला पाठवला आहे, त्यांनी हे ऐकून मान खाली घालू नये, वर करून ऐकावं. माळा त्यांनी बांधला आहे, दोर त्यांनी द्यायचा आहे.

दोराचं बोललो की आपल्याकडे हसतात. ‘माळ्यावर बांधून झोपायला मी काय गाय आहे?’ असं म्हणणारे प्रत्येक गावात भेटतील. त्यांच्यासाठी एक गोष्ट. अमेरिकेत हरणाची शिकार करणारे हौशी लोक झाडावर बैठक बांधून बसतात. पीक राखायला नाही, हौसेला. अशा बैठकांवरून पडून तिथे माणसं मरू लागली, पाठीचे मणके मोडून खाटेला खिळू लागली. तेव्हा तिथल्या शिकाऱ्यांनी आणि बैठका विकणाऱ्यांनी ठरवलं की खांदे, छाती आणि मांड्या यांना धरणारा पट्टा घातल्याशिवाय जमिनीवरून पाय उचलायचा नाही. बंदूक हातात घेऊन चढायचं नाही, रिकामी करून नंतर दोरीने वर ओढायची. त्यांना हेही कळलं की माणूस बसल्या जागेवरून जितका पडतो, त्याहून जास्त चढता-उतरताना आणि शिडीवरून बैठकीवर पाय टाकताना पडतो. हौसेला गेलेला माणूस स्वतःला बांधून घेतो आणि पोटासाठी गेलेला माणूस बांधून घ्यायला लाजतो, हा कुठला न्याय? आपल्याकडे राजेरजवाडे आणि गोरे साहेब वाघासाठी मचाणावर बसायचे, तेव्हा त्यांचं मचाण बांधायला आपलेच आजे होते. साहेबांसाठी पक्का दोर निवडणारे हात स्वतःसाठी कुजकी सुतळी का निवडतात?

तेव्हा या हंगामात पहिलं काम म्हणजे गेल्या वर्षीचा माळा तसाच वापरायचा नाही. उन्हापावसात वर्षभर राहिलेला दोर, तो काथ्याचा असो की नायलॉनचा, वरून धड दिसतो आणि वजन पडलं की तुटतो. बांबूला भुंगा लागला की आत पीठ होतं, वर साल तशीच राहते. कोयत्याच्या मुठीने ठोकून पाहा, पोकळ वाजला तर चुलीत घाला. मेढीच्या बुडाशी माती उकरून वाळवी पाहा. झाडावर बांधणार असाल तर शेवगा आणि पांगारा सोडा, त्यांची फांदी सांगून मोडत नाही. निंब, बाभूळ, चिंच चालतात, पण वाळलेल्या फांदीवर भार नको. आणि मोकळ्या रानातलं एकटं उंच झाड परतीच्या पावसात नकोच. आभाळ गडगडायला लागलं की खाली उतरून घर गाठायचं. डुकराने खाल्लेली ज्वारी पुढच्या साली पुन्हा येते.

माळ्याला चारी बाजूंनी मांडीइतक्या उंचीचा कठडा हवा, उतरायच्या जागी सुद्धा आडवी बल्ली टाकता आली पाहिजे. शिडी वरच्या बल्लीला घट्ट बांधा आणि माळ्याच्या वर दोन हात जाऊ द्या, म्हणजे पाय टाकताना धरायला काहीतरी राहील. चढताना दोन हात, दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले असावेत. काठी, विळा, पाण्याचा डबा कमरेला खोचून चढू नका, पिशवीत घालून मागून दोरीने ओढा. ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आणि ११व्या कलमाखालची परवानगी आहे त्यांनी तर हे देवाची शपथ समजून पाळावं. भरलेली बंदूक शिडीवर नेणारा माणूस डुकरापेक्षा धोक्याचा आहे.

आता दोर. कमरेला नुसता कासरा बांधून लांब सोडला तर पडल्यावर तो पोटात रुततो आणि माणूस हवेत लोंबकळतो, ते पडण्यापेक्षा बरं नाही. दोर आखूड बांधायचा. इतकाच की बसता येईल, कूस बदलता येईल, पण काठाच्या पलीकडे अंग जाणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी बांधकामाच्या मजुरांचा अंगभर पट्टा मिळतो. तो घेता आला तर घ्या. चार शेजाऱ्यांनी मिळून चार घेतले तरी चालतील. दोर माळ्याच्या बल्लीला नको, मेढीला किंवा झाडाच्या बुंध्याला बांधा, कारण माळाच कोसळला तर बल्ली तुमच्याबरोबर खाली येणार. दारू पिऊन वर जायचं नाही आणि कडब्यावर बसून बिडी ओढायची नाही, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

जनावर आलं की वरूनच ओरडा, डबा वाजवा, बॅटरी मारा. अंधारात खाली उतरून त्याच्या मागे पळू नका. डुक्कर, त्यातून जखमी डुक्कर किंवा पिलांची मादी, मांडीवर घाव घालते. साप तर बांधावर असतोच. आणि जागलीला कंटाळून कुंपणात वीज सोडणाऱ्यांनाही सांगतो. त्या तारेला डुक्कर कळत नाही आणि शेजाऱ्याचं पोरगंही कळत नाही. मग मेलेल्याचं घर बसतं आणि सोडणारा तुरुंगात जातो. सरकारशी भांडायला आपल्यालाही तोंड उरत नाही.

कुणी पडलाच तर त्याला उठवून बसवू नका, दोघांच्या मध्ये मोटारसायकलवर तर मुळीच नेऊ नका. मोडलेला मणका त्या धक्क्याने कायमचा जातो आणि माणूस जन्मभर खाटेवर राहतो. डोकं, मान, कंबर एका रेषेत धरून चौघांनी मिळून दारावर किंवा फळीवर सरकवा आणि १०८ ला फोन करा. दवाखान्यात ‘शेतात पडला’ एवढंच लिहू देऊ नका. ‘पीक राखत असताना माळ्यावरून पडला’ असं लिहायला लावा. पंचनाम्यातही तेच, आणि जनावर कोणतं आलं होतं, पावलं कुठे उमटली होती, पीक किती मोडलं होतं, तेही. वनखात्याचा माणूस ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं म्हणेल. म्हणू द्या, पण अर्ज देऊन पोच घ्या. अपघात योजनेचा प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत गेला पाहिजे. दु:खात हे दिवस निघून जातात, म्हणून हे काम घरच्यांवर न टाकता गावातल्या दोघांनी अंगावर घ्यावं.

मागणी आपली एकच आहे आणि ती सरळ आहे. वन्यप्राण्यापासून पीक राखताना झालेला मृत्यू वन्यप्राण्यामुळे झालेला मृत्यू धरावा, मग तो सुळ्याने होवो, पडून होवो की सर्पदंशाने, आणि तो सातबाराच्या मालकाचा असो की सालगड्याचा. ‘असं केलं तर कुणीही पडलेला माणूस जागलीचा म्हणून दाखवतील’ असं वर बसलेले म्हणतील. शेतकरी २५ लाखांसाठी स्वतःचा मणका मोडून घेईल असं ज्यांना वाटतं त्यांनी एक रात्र माळ्यावर काढावी, दोर आम्ही देतो.

जिल्ह्याच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणायचा आहे. गेल्या पाच हंगामांत गावात माळ्यावरून कोण पडलं, कोणत्या महिन्यात, कशाने, दवाखान्याचा खर्च किती झाला, कुणाकडून काय मिळालं. ज्याला काही मिळालं नाही त्याच्यापुढे शून्य लिहा, जागा कोरी सोडू नका. सालगड्यांची नावं आधी लिहा.